आठ रिव्हेटांची थैली

अहो,

मूळ प्रत तुम्हाला, कार्बन कॉपी मुलांना. फोर्टमधल्या ऑफिसात तीस वर्षं साहेबांची पत्रं टाइप केली, त्यामुळे कागद समोर ओढला की आधी मनात येतं, याची प्रत कोणाकोणाला जाणार. या पत्राची प्रत टोरांटोला जाईल, ईशान आणि ताराला. त्यांची आई, आपली वृंदा, तुमच्या दिवसकार्याला एकटीच येऊन गेली, मुलांच्या परीक्षा होत्या. ती परत पोचली आणि पहिल्याच रविवारी ताराने फोनवर विचारलं, "आजी, आजोबा एक्झॅक्टली काय करायचे?"

"ट्रक दुरुस्त करायचे."

"ते माहितीय. पण म्हणजे काय करायचे?"

मला पटकन सांगता येईना. चाळीस वर्षं मी लोकांना 'मिस्टरांचं काशिमिऱ्याला गॅरेज आहे' एवढंच सांगत आले आणि लगेच 'चहा घेणार ना?' विचारत आले. तुमच्या ते लक्षात आलं होतं. एकदा म्हणालात, "मॅडम, तुम्ही माझं गॅरेज असं सांगता, जसं कोणी घरातलं दुखणं सांगतं." मी दोन दिवस बोलले नव्हते. पण तुमचं बरोबर होतं.

म्हणून आज नीट सांगते. बोलायचंय तुमच्याशीच, पण अधूनमधून मुलांसाठी थांबावं लागेल. ईशान मराठी अक्षरं जोडून जोडून वाचतो, त्यामुळे वाक्यं लहान ठेवतेय. माझं काही चुकलं तर मध्ये बोलू नका.

ट्रकच्या पोटाखाली दोन लांब पोलादी तुळया असतात. ती चेसिस. सगळा ट्रक तिच्यावर उभा असतो. चाकं आणि चेसिस यांच्यामध्ये वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत असते, तो पाटा. खड्डा आला की पाटा दबतो आणि धक्का खाऊन टाकतो. या पाट्याचं टोक ज्या जाडजूड तुकड्यात अडकवलेलं असतं, तो हँगर. आणि हँगर चेसिसला धरून ठेवतात ते रिव्हेट. रिव्हेट म्हणजे माझ्या अंगठ्याएवढी जाड लोखंडी खुंटी, दोन्ही बाजूंनी डोकं असलेली. कारखान्यात ती इतक्या दाबाने बसवतात की भोकाच्या आत फुगून घट्ट होते. ती पुन्हा कधी काढायची आहे असं बसवणाऱ्याच्या मनातही नसतं.

पण हँगर झिजतो, कधी तडकतो. मग तो बदलायला जुने रिव्हेट काढावेच लागतात. त्यातून आपल्याकडे उत्तनची मासळी आणि बर्फ वाहणाऱ्या गाड्या. खारं पाणी दिवसभर खाली ठिबकत असतं. चार-पाच वर्षांत रिव्हेट आणि चेसिस गंजून असे एकजीव होतात की कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते दिसत नाही.

तुमची पद्धत ठरलेली होती. रिव्हेटच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर खूण. मग बारीक ड्रिल, मग त्याहून जाड. मग छिन्नीने डोकं उडवायचं, तिथे पंच, म्हणजे बोथट पोलादी दांडा, लावायचा आणि हातोडा. तरी हलला नाही तर डिझेल सोडून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आधी त्याला आतून मोकळा करायचा, मॅडम. नुसतं ठोकत बसलं तर तो अजून फुगतो." एका हँगरला आठ रिव्हेट. त्यात दोन दिवस जायचे, कधी तीन.

शेजारचा वेल्डिंगवाला हेच काम गॅसने तासाभरात करायचा. निळी ज्योत लावली की रिव्हेट लोण्यासारखा वितळतो. तुम्ही आपल्या गॅरेजात गॅसचं नळकांडं आणूच दिलं नाहीत. तुमचं म्हणणं, ज्योत फक्त रिव्हेटला लागत नाही, चेसिसलाही लागते. भोकाभोवतीचं पोलाद बिघडतं, भोक गोल राहत नाही, मग त्यात घातलेला बोल्ट हळूहळू हलायला लागतो आणि तिथून चीर सुरू होते. "आज काही होत नाही. सहा महिन्यांनी होतं, भरलेल्या गाडीत, उतारावर."

आणि तुमची थैली. हे मुलांना कोणी सांगितलेलं नाही. काढलेले आठही रिव्हेट तुम्ही एका लहान कापडी थैलीत घालून गाडीच्या मालकाच्या हातात द्यायचात. "हे तुमचे. मोजून घ्या." पंचाने काढलेला रिव्हेट आणि गॅसने वितळवलेला रिव्हेट आंधळ्यालासुद्धा बोटांनी ओळखता येतो. तीच तुमची पावती. बाकीचे गॅरेजवाले हसायचे. मालक मात्र थैली गाडीच्या केबिनमध्ये लिंबू-मिरचीच्या शेजारी लटकवायचे. थैल्या मी शिवायचे, जुन्या परकराच्या, उशीच्या अभ्र्याच्या कापडाच्या. कडा नीट दुमडून, नाडी ओवून. त्या गॅरेजात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

आपलं भांडण कशावरून असायचं, ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हणायचे, आठ खुंट्यांना दोन दिवस म्हणजे नियोजन नाही. मी अख्खं ऑफिस चालवलंय, मला सांगू नका. तुम्ही म्हणायचात, "ऑफिसात चुकलं तर खोडता येतं." मी म्हणायचे, तुम्ही हट्टी आहात. तुम्ही म्हणायचात, "रिपीट जास्त हट्टी आहे." मी म्हणायचे, रिव्हेट म्हणा, रिपीट नाही. तिथे भांडणाचा विषय बदलायचा. उच्चाराची एवढी शिस्त असलेली बाई वेळेला खोटं बोलली, हे आता सांगायचं आहे.

नऊ वर्षं झाली. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस धुळीत जायला बंदी केली. मी नुकतीच निवृत्त झाले होते. म्हटलं, गॅरेजात मी बसते. तुम्ही काळा चष्मा लावून मोरव्याच्या घरात रेडिओ ऐकत बसलात आणि मी रोज डबा, फाइल आणि स्वतःची उशी घेऊन काशिमिऱ्याला जायला लागले. संध्याकाळी परत आले की तुम्ही एकच प्रश्न विचारायचात.

"सगळं नीट?"

"सगळं नीट."

आठव्या दिवशी राईचा बाळाराम त्याची बर्फाची गाडी घेऊन आला. मुलांनो, बाळाराम म्हणजे मोठ्या मिशांचा, तुम्हाला वाळवलेली सुकट देणारा तो काका. उजव्या बाजूचा पुढचा हँगर तडकला होता. नारळी पौर्णिमा जवळ आलेली, होड्या पाण्यात जायच्या होत्या.

"काकी, परवा पहाटे मना बर्फ न्यायचाच हाय. गाडी न्हाय तं मी मेलो समजा."

रफीकभाईने कामाला हात घातला. तुमच्याकडे तेव्हाच त्याला बारा वर्षं झाली होती. पूर्ण दिवसात तीन रिव्हेट निघाले. चौथ्यात ड्रिल तुटलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौथाच चालू. बाळाराम गाडीभोवती फेऱ्या मारत होता आणि मी घड्याळ बघत होते. मला त्याची दया आली, हे खरं. पण त्याहून जास्त खरं हे की मला तुम्हाला दाखवायचं होतं. पंधरा दिवसांत मी गॅरेज कसं सुरळीत चालवलं, ते.

मी म्हटलं, "रफीकभाई, बगलवाले को बुलाओ. गॅस मार दो."

तो उभाच राहिला. "भाभी, सेठ को पूछ लो एक बार."

"पूछा है. हाँ बोला उन्होंने."

इतकं सोपं होतं ते. एक वाक्य. अर्ध्या तासात उरलेले पाच रिव्हेट वितळून खाली पडले. संध्याकाळी नवा हँगर बोल्टांनी बसला. बाळाराम मला नमस्कार करून निघाला आणि निघता निघता म्हणाला, "माजी थैली?"

थैली मी शिवून ठेवली होती, निळ्या चौकड्यांची. तुमच्या जुन्या लुंगीची. पण तिच्यात घालायला तीनच रिव्हेट होते आणि बाकी वितळलेल्या लोखंडाचे गोळे. मग मी काय केलं? कोपऱ्यात तुमचा डालड्याचा डबा होता, बेवारस गाड्यांच्या रिव्हेटांचा. त्यातून एका मापाचे आठ निवडले. फडक्याने पुसले. थैलीत घातले, नाडी ओढली आणि त्याच्या हातात दिले. वर म्हटलं, "मोजून घे."

त्या संध्याकाळीही तुम्ही विचारलंत, "सगळं नीट?" मी डाळीला फोडणी देत होते. पाठमोरीच म्हणाले, "सगळं नीट."

नंतर मला भीती वाटायला लागली. सहा महिन्यांनी, भरलेल्या गाडीत, उतारावर. तुमचेच शब्द. टीव्हीवर घोडबंदरच्या उतारावरचा अपघात दाखवला की मी आधी ट्रकचा रंग बघायचे. रोज ठरवायचे, आज सांगायचं. आणि सांगायचे नाही, कारण एक दिवस गेला की खोट्याला दुसरं खोटं लागतं. आधी रफीकला सांगितलेलं खोटं, मग गॅस, मग थैली. थैलीचंच मला जास्त लागत होतं. बाकीचं घाईत झालं म्हणता येईल. थैलीतले रिव्हेट मी बसून निवडले होते.

त्याच वर्षीचं विसर्जन तुम्हाला आठवत असेल. आपण राईच्या खाडीवर गेलो होतो. बाळारामच्या घरचा गणपती त्याच गाडीतून आला. मागे पंचवीस-तीस माणसं, बायका, कडेवरची मुलं. गाडी बांधावरून खाडीकडे उतरायला लागली. हातातली प्रसादाची वाटी मी इतकी घट्ट धरली की कड रुतली. बाळाराम केबिनमधून डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ शेट! गॅस मारू काय, गॅस?" सगळी गाडी हसली. तुम्हीही हसलात, हात हलवलात.

मला वाटलं, तुमच्या हट्टाची थट्टा चाललीय. नेहमीचीच.

मग तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "ती गाडी कुठे जात नाही. निवांत बघ."

मी म्हटलं, "मी निवांतच आहे."

"हो ना," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर काही दिवसांनी तुम्ही मला गॅरेजात नेलंत. कारण काही सांगितलं नाहीत. एका गाडीखाली चटई टाकली, माझ्या हातात पंच दिलात आणि म्हणालात, "धर सरळ. हलू नकोस. मी मारतो." साठीची बाई मी, साडी खोचून गाडीखाली. मला वाटलं, मोतीबिंदूबरोबर डॉक्टरांनी आणखी काही काढलं की काय. तुम्ही पाच-सहा घाव घातलेत. माझा हात खांद्यापर्यंत झिणझिणला. मग रिव्हेट सुटला आणि ठण्णकन पत्र्यावर पडला. तुम्ही तो उचलून माझ्या तळव्यावर ठेवलात. गरम होता.

"सरळ काढला की असा निघतो," तुम्ही म्हणालात. आणि थांबलात.

मी विचारलं, "साबण कुठे आहे?"

आता ते आठवलं की मला माझंच हसू येतं आणि मग येत नाही. तुम्ही दार उघडून उभे होतात आणि मी साबण मागत होते.

त्याच सुमारास तुम्ही निळ्या चौकड्यांची एक थैली घरी आणलीत. "ही उरली होती." मी धुतली आणि तिच्यात वेलदोडे ठेवले. नऊ वर्षं रोज सकाळी तुमच्या चहासाठी त्या थैलीची नाडी सोडली. मी शिवलेली थैली, मी निवडलेलं कापड. हिशेबात एक थैली जास्त कशी आली, असा प्रश्न मला पडला नाही. मला! ऑफिसातली टाचणी कमी झाली तरी कळायची.

आता या महिन्याचं. मुलांनो, आजोबांचं शेवटचं काम बाळारामचीच गाडी होती. या वेळी डाव्या बाजूचा हँगर. हल्ली ते स्वतः घाव घालत नव्हते. स्टुलावर बसून सांगायचे, क्वचित पंच धरायचे. सोमवारपर्यंत सात रिव्हेट निघाले. आठवा अडला. मी म्हटलं, रफीकभाई काढेल उद्या, तुम्ही घरी बसा. तुम्ही म्हणालात, "आठवा मी काढतो." यावर मी काहीतरी बोलले. बरं नव्हतं ते. 'तुमच्यावाचून जग अडलंय' असं काहीसं. मंगळवारी सकाळी तुम्ही अर्धा चहा कपात ठेवून गेलात.

चौदाव्या दिवशी बाळाराम घरी आला. सुकट आणली नव्हती, नुसताच बसला. दोन आठवडे त्याची गाडी जॅकवर उभी होती आणि त्याने गाडीचं नावही काढलं नाही. शेवटी मीच काढलं.

"डावी बाजू व्हईल वो कदी पन," तो म्हणाला. "उजवी तं ठनठनीत हाय. शेटनी दोनदा केलती ना ती."

"दोनदा?"

"तुमाला ठाव न्हाय? डोल्याचं ऑपरेशन झाल्यावर शेट आले ना, तवा मी त्यांना भेटाया गेलतो. केबिनमदली थैली बघितली त्यांनी. उघडली. एक रिपीट काढला, असा बोटात फिरवला. मना बोलले, उद्या गाडी घेऊन ये, तासाचं काम हाय. दोन दिवस ठेवली! पुना सगला हँगर उतरवला. आत केसाएवडी चीर आलती बोलले. घासली, भोकं गोल केली, मोटे बोल्ट, वरनं पट्टी. आनि थैली मागून घेतली. मी बोललो, शेट, ह्ये काय? तं बोलले, माजीच चूक. मीच घरातनं गॅस मारायला सांगितला." बाळाराम इथे हसला, डोळे पुसत. "तवापासनं मी त्यांना चिडवाचो. गॅस मारू काय, शेट?"

मी आत गेले. ओट्यावर थैली होती. कोरड्या गाडीचे, काळ्या रंगाचे, गंजाने न खाल्लेले आठ रिव्हेट मी तिच्यात घातले होते. बर्फाच्या गाडीचे रिव्हेट लाल, भुसभुशीत असतात. हे जे मला कळलं नाही, ते तुम्हाला ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी क्षणात कळलं. आणि कापड कोणाच्या लुंगीचं, तेही.

तुमच्यावर मी फार रागावले. ते इथे लिहून ठेवते, कारण प्रत जाणार असली तरी पत्र खरं असायला हवं. नऊ वर्षं तुम्ही मला त्या भीतीत का राहू दिलंत? एकदा म्हणायचं होतं, 'कळलंय मला, गाडी दुरुस्त केलीय, आता झोप.' मग वाटलं, तुम्ही म्हणाला होतात. खाडीवर म्हणाला होतात. गाडीखाली म्हणाला होतात. तुम्हाला ते माझ्या तोंडून यायला हवं होतं, आणि ते माझ्याकडून काढून घ्यायला तुम्ही घाव घातला नाहीत. यात तुमचं बरोबर की माझं, हे भांडण अजून मिटलेलं नाही. तुम्ही असतात तर दोन-तीन दिवस चाललं असतं.

पण एक गोष्ट भांडणापलीकडची होती. तुम्ही माझं खोटं स्वतःच्या नावावर घेतलंत. ज्या रफीकला बारा वर्षं 'गॅस को हाथ नहीं लगाना' म्हणून ओरडलात, त्याच्यासमोर. ज्या बाळारामच्या हातात आठ-आठ रिव्हेट मोजून दिलेत, त्याच्यासमोर. साऱ्या काशिमिऱ्यात तुमची जी एक ओळख होती, तिला तुम्ही स्वतःच्या हाताने डाग लावून घेतलात आणि वर थट्टा सोसलीत. आणि तसेच गेलात. तुमचं नाव साफ करणारं आता फक्त एकच माणूस उरलं होतं.

बाहेर आले तेव्हा बाळाराम निघायला उठला होता. त्याला म्हटलं, "उद्या सकाळी दहाला गॅरेजात ये. गाडी मिळेल."

काय सांगायचं त्याचं वाक्य रात्रभर जुळवलं नाही. सकाळी उठले, थैलीतले वेलदोडे वाटीत काढले, थैली पर्समध्ये टाकली आणि निघाले.

रफीकभाई नया नगरहून माझ्या आधीच पोचला होता. तुमच्या स्टुलावर कोणी बसलेलं नव्हतं. पत्र्याच्या झाकणात सात रिव्हेट एका ओळीत ठेवलेले, तुम्ही ठेवले होते तसेच. त्याने आठव्यावर डिझेल सोडून ठेवलं होतं.

"ड्रिल हो गया है, भाभी. पर हिल नहीं रहा. बालाराम भाई को भी देर हो गई बहुत." तो थोडा घुटमळला. "आप बोलो तो…" आणि शेजारच्या वर्कशॉपकडे नुसतं बघितलं.

"नाही," मी म्हटलं. मग हिंदीत सांगितलं, म्हणजे त्याला नीट कळावं. "रफीकभाई, उस टाइम मैंने झूठ बोला था. सेठ को पूछा नहीं था. उन्होंने हाँ नहीं बोला था. गॅस मैंने मरवाया. और थैली में दूसरी गाड़ी के रिव्हेट भी मैंने डाले."

बाळाराम दारातच उभा होता. त्याने ऐकलं.

रफीकभाईने ड्रिल खाली ठेवलं. मग म्हणाला, "मालूम था, भाभी."

"सेठ ने बताया?"

"ना, ना. वो तो बोले, मैंने ही हाँ बोला था. पर बोलते-बोलते कान खुजा रहे थे." त्याने स्वतःचा कान खाजवून दाखवला. "सेठ जब भी झूठ बोलते, कान खुजाते थे. ग्राहक को बोलेंगे 'कल पक्का' और कान! मैंने पूछा नहीं. उन्होंने भी इतना ही बोला, भाभी ने मेरी जगह संभाली, बहुत है."

चाळीस वर्षांत तुमचं कान खाजवणं मला कळलं नाही. मला वाटायचं, ग्रीस जातं.

बाळाराम मात्र दारातच खाली बसला. "आनि मी त्यांना इतकी वरसं चिडवला," तो म्हणाला. "बोलायचं तरी एकदा. येक शबूद न्हाय."

"तुझी चूक नाही," मी म्हटलं. "माझी होती. आता ऊठ आणि पलीकडून गाडीला टेका दे."

मी पदर खोचला आणि चटईवर गुडघे टेकले. रफीकभाई म्हणाला, "भाभी, रहने दो, लग जाएगा." मी म्हटलं, "मुझे आता है. सेठ ने सिखाया है." पंच भोकात सरळ धरला. हलायचं नाही, एवढंच काम असतं धरणाऱ्याचं. आणि मारणाऱ्यावर विश्वास. पहिले दहा घाव काही झालं नाही. रफीकभाईने थांबून आत आणखी थोडं ड्रिल फिरवलं, पुन्हा डिझेल, पुन्हा घाव. बाळाराम टेका लावून झाल्यावर बाहेर चहा घेऊन उभा होता, कोणी प्यायला नाही. अकरा वाजून गेले. मग आवाज बदलला. तुम्ही असतात तर सगळ्यांच्या आधी तुम्हाला कळलं असतं. त्यापुढच्या घावाला तो निघाला, माझ्या गुडघ्याशी पडला, लाल, खाल्लेला, सरळ.

मी तो तळव्यावर घेतला. गरम होता.

आठही रिव्हेट पुसले नाहीत. तसेच थैलीत घातले, नाडी ओढली आणि बाळारामच्या हातात दिले.

"हे तुझे. मोजून घे."

त्याने खरंच मोजले. मग थैली नाकाशी नेली. "काकी, याला वेलचीचा वास येतो."

"येणारच," मी म्हटलं.

गाडी दुपारनंतर गेली. गॅरेज रफीकभाई चालवेल, थैल्या मी शिवेन. एवढं ठरलंय, पुढचं पुढे बघू. मुलांनो, आजोबा एक्झॅक्टली काय करायचे, ते हे. जे निघणार नाही असं सगळे म्हणतात, ते न जाळता काढायचे. वेळ लागायचा. पुढच्या वेळी याल तेव्हा पंच कसा धरायचा ते दाखवीन. हात धुवायला साबण दाराशी डाव्या बाजूला आहे.

संध्याकाळी घरी आले, चपला काढल्या, डाळीला फोडणी दिली. तुमची खुर्ची आहे तिथेच आहे. या वेळी पाठमोरी नव्हते. खुर्चीकडे तोंड करून सांगितलं. आठवा निघाला. गॅस लावला नाही. दोघांनाही खरं सांगितलं.

सगळं नीट.